हप्ता एकदाही चुकला नाही, तरी उद्योगाला सहावा क्रमांक कसा?

ओतकाम_शिरोली :

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी आणि धाकट्या भावाची भागीदारीतली फाउंड्री आहे. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे ओतीव भाग करण्याचे काम आम्ही गेली २२ वर्षे करतो. एका बँकेत आमचे १ कोटी ८० लाखांचे कॅश क्रेडिट खाते (ठरलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे लिमिटपर्यंत, लागतील तसे पैसे उचलायचे आणि भरायचे खाते) आहे आणि इंडक्शन भट्टीसाठी घेतलेले मुदतकर्जही तिथेच चालू आहे. भट्टीचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि तो आजवर एकदाही परत गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात लिमिटच्या नूतनीकरणासाठी शाखेत गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी १४ पानांचा एक अहवाल टेबलावर ठेवला. पहिल्या पानावर आमच्या फर्मचे नाव, पॅन क्रमांक आणि एका चौकटीत ‘सीएमआर-६’ असे छापलेले होते. ते म्हणाले, “तुमचा क्रमांक चारावरून सहावर घसरला आहे, त्यामुळे व्याजदर पाऊण टक्क्याने वाढेल.” मी कारण विचारले, तर ते क्रेडिट ब्युरोच्या संगणकाकडून येते, आमच्या हातात काही नाही, असे उत्तर मिळाले. अहवाल दोन मिनिटे चाळता आला, पण तेवढ्या वेळात काही समजले नाही.

पिग आयर्नच्या व्यापाऱ्याला मी आठ दिवसांत पैसे देतो आणि कामगारांचा पगार ७ तारखेच्या पुढे गेलेला नाही. असे असताना हा सहा आकडा कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि तो सुधारतो कसा, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. भट्टीवर उभे राहून कुणी मला काही विचारले, तर मी उत्तर देऊ शकतो. इथे मात्र प्रश्न नेमका काय विचारला गेला, हेच मला कळलेले नाही.

निवृत्त_शाखाधिकारी :

तुमची अस्वस्थता समजू शकतो. माझी ३१ वर्षे बँकेत गेली आणि त्यातली शेवटची आठ वर्षे लघुउद्योगांच्या कर्जविभागात होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पतमाहिती कंपन्यांचा, म्हणजेच क्रेडिट ब्युरोंचा, कायदा २००५ साली झाला. आज रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१५ पासून आहे. तुम्ही पाहिलेला सीएमआर म्हणजे सिबिलचा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) रँक होय. तो २०१७ साली सुरू झाला. ज्या उद्योगाकडे १० लाखांपासून ५० कोटींपर्यंत कर्ज आहे, त्याला १ ते १० यांपैकी एक क्रमांक दिला जातो. पहिला क्रमांक सर्वांत कमी जोखमीचा आणि दहावा सर्वांत जास्त जोखमीचा. व्यवहारात १ ते ३ म्हणजे कमी जोखीम, ४ ते ६ म्हणजे मध्यम आणि ७ ते १० म्हणजे जास्त, असे बँका धरतात.

आता मुख्य मुद्दा. हा क्रमांक तुमच्या कारखान्याची परीक्षा घेत नाही, तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : पुढच्या १२ महिन्यांत हे खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, होण्याची शक्यता किती? त्यासाठी तुमच्यासारखी हजारो जुनी खाती पाहिली जातात. ज्यांची मागची वागणूक तुमच्या आजच्या नोंदींसारखी होती, त्यांच्यापैकी पुढे किती बुडाली, यावरून अंदाज बांधला जातो. तुमच्या ओतकामाचा दर्जा, ऑर्डर बुक, शेडची जागा, यांतले काहीही त्या गणितात नसते. ते पाहणे हे बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याचे काम असते आणि त्याने ते केलेच पाहिजे. व्यवस्थापक “आमच्या हातात काही नाही” असे म्हणाले असतील, तर ते मला पटलेले नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची तरत्या व्याजदराची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाला, म्हणजे रेपो दरासारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, जोडलेली आहेत. त्यांत जोखमीचा अधिभार वाढवायचा, तर कर्जदाराच्या पतमूल्यांकनात ठोस बदल झालेला असावा लागतो आणि तशी तरतूद करारात असावी लागते. तो बदल कोणता, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कांचन_७१ :

माझा थोडा गोंधळ झाला. घरकर्जाच्या वेळी आम्हाला ७६० आकडा सांगितला होता आणि जास्त आकडा चांगला असतो, असेही सांगितले होते. इथे मात्र कमी आकडा चांगला का?

निवृत्त_शाखाधिकारी :

कांचनताई, व्यक्तीसाठी ३०० ते ९०० यांमधला गुणांक असतो आणि तिथे जास्त म्हणजे चांगला. उद्योगाचा मात्र क्रमांक असतो, वर्गात पहिला आला म्हणतो त्या अर्थाने. माझ्या शाखेत एका ग्राहकाने “माझा दहावा आला” म्हणून आनंदाने सांगितल्याचे आठवते. त्यांना खरा अर्थ सांगताना मला फार वाईट वाटले होते.

सनदी_लेखापाल_मिरज :

वरच्या प्रतिसादात एक भर घालते. क्रेडिट ब्युरो आणि पतमानांकन संस्था यांत पुष्कळ जण गल्लत करतात. क्रिसिल, इक्रा, केअर या मानांकन संस्थांवर सेबीचे नियंत्रण असते. त्यांचे विश्लेषक ताळेबंद वाचतात, मालकांशी बोलतात आणि ‘एएए’ ते ‘डी’ अशी श्रेणी देतात. त्यासाठी उद्योग स्वतः शुल्क भरतो. ब्युरोमध्ये असे कुणी माणूस बसून मत देत नाही. बँकांनी ठरावीक नमुन्यात पाठवलेली माहिती एकत्र होते आणि त्यावर गणित चालते. क्रमांकाचे सूत्र व्यावसायिक गुपित असल्यामुळे ते जाहीर होत नाही. परंतु अहवालात कोणत्या नोंदी येतात, हे उघड आहे आणि त्या आपण तपासू शकतो.

ओतकाम_शिरोली, तुम्ही मला चार गोष्टी सांगा. पहिली, फर्मच्या शिक्क्यानिशी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीन आहात का? कारण ‘जामीन दिलेली कर्जे’ हा अहवालात वेगळा भाग असतो. दुसरी, मागच्या वर्षभरात कॅश क्रेडिट खाते महिनाअखेरीस लिमिटच्या वर होते का? तिसरी, गेल्या सहा महिन्यांत नव्या कर्जासाठी किती ठिकाणी चौकशी केली? चौथी, पूर्वी फेडलेल्या सगळ्या कर्जांची ‘नो ड्यूज’ पत्रे तुमच्या फाइलमध्ये आहेत का?

माझ्या एका अशिलाचे, इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याचे, उदाहरण सांगते. त्यांनी २०१८ साली पूर्ण फेडलेले एक कर्ज २०२३ मध्येही अहवालात चालू दिसत होते आणि त्यावर ४,३१२ रुपये थकीत दाखवले होते. ती रक्कम म्हणजे खाते बंद करण्याच्या दिवशी लागलेले कसलेसे शुल्क होते आणि त्याची सूचना त्यांना कुणीच दिली नव्हती. एवढ्या रकमेसाठी पाच वर्षे त्यांच्या नावापुढे थकबाकीची नोंद राहिली होती.

यंत्रमाग_विट्याचा :

हे सगळे वाचून समाधान होण्याऐवजी राग येतो आहे, तो इथे मोकळेपणाने मांडतो. आम्ही कापड विणून देतो आणि व्यापारी १२० दिवसांनी पैसे देतो. ते पैसे आले नाहीत म्हणून आमचे खाते ताणले जाते आणि त्याची नोंद आमच्या नावावर होते. ज्याने आम्हाला १२० दिवस थांबवले, त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही आणि त्याचा क्रमांक दुसरा किंवा तिसरा असतो. ज्याने उधारी घेतली तो साव आणि ज्याने दिली तो जोखमीचा, असा हा न्याय आहे. शाखाधिकारी साहेब, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून विचारतो, या गणितात हे कुठे बसते?

निवृत्त_शाखाधिकारी :

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खरे उत्तर असे, की ते या गणितात बसत नाही. बँकेला तुमच्या खात्यावरची बाकी दिसते, त्या बाकीमागची कथा दिसत नाही. क्रमांक नियत सांगत नाही, फक्त ताण सांगतो. तो ताण कुणामुळे आला, हे त्याला ठाऊक नसते.

मात्र ताण नेमका कसा टिपला जातो, हे समजून घेतले तर त्यातला काही भाग टाळता येतो. ओतकाम साहेबांच्याच आकड्यांवर सांगतो. लिमिट १ कोटी ८० लाख आहे. व्याज १० टक्के धरले, तर महिन्याचे दीड लाख होते. बँक हे व्याज महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्याला नावे टाकते. समजा, ३० तारखेला खाते १ कोटी ७९ लाख ८० हजारांवर आहे. रात्री व्याज लागले की बाकी १ कोटी ८१ लाख ३० हजार होते, म्हणजे खाते १ लाख ३० हजारांनी ओव्हर गेले. तुम्हाला गिऱ्हाइकाचे पैसे ४ तारखेला येतात आणि खाते पुन्हा लिमिटच्या आत येते, म्हणून तुमच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. पण बँक ब्युरोला जी माहिती पाठवते, ती महिनाअखेरच्या स्थितीची असते. त्या एका रात्रीची छबी दर महिन्याला जाते आणि प्रत्येक छबीत खाते ओव्हर दिसते. १ जानेवारी २०२५ पासून १५ तारखेची आणि महिनाअखेरची, अशा दोन्ही दिवसांची माहिती पाठवणे बँकांना बंधनकारक झाले, त्यामुळे तेव्हापासून महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा छबी निघते.

हे एनपीए होणे नव्हे, हेही स्पष्ट करतो. एसएमए म्हणजे एनपीए होण्याआधी विशेष लक्ष ठेवायचे खाते. मुदतकर्जाचा हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला की एसएमए-०, ३१ ते ६० दिवसांत एसएमए-१, ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२ आणि ९० दिवसांपुढे एनपीए, अशा पायऱ्या आहेत. कॅश क्रेडिटमध्ये बाकी सलग ३० दिवसांहून जास्त काळ लिमिटच्या वर राहिली, तरच एसएमए-१ लागतो. चार दिवसांच्या ओव्हरने यातले काही लागत नाही. पण लिमिट बाराही महिने काठोकाठ भरलेले असणे ही खूण कोणत्याही जोखीम-गणितात तुमच्या विरुद्धच जाते.

पशुखाद्य_अकोले :

माझी अडचण याच्या उलट आहे. वडिलांपासून आमचा सगळा व्यवहार तालुक्याच्या पतसंस्थेत आहे. १५ वर्षांत चार कर्जे घेतली आणि चारही मुदतीपूर्वी फेडली. मागच्या वर्षी पेलेट मशीनसाठी एका बँकेत गेलो, तर तिथले अधिकारी म्हणाले, “तुमची काहीच हिस्टरी नाही.” १५ वर्षे व्यवस्थित फेड करूनही कोऱ्या पाटीसारखे उभे राहावे लागले. याला काही उपाय आहे का?

सनदी_लेखापाल_मिरज :

आपल्या गावोगावच्या पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली येत नाहीत, म्हणून तिथली फेड बहुधा ब्युरोपर्यंत पोहोचतच नाही. नागरी सहकारी बँकांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना माहिती पाठवावी लागते. महाराष्ट्रात ही मोठी दरी आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. प्रामाणिक फेडीचा एवढा मोठा साठा आपल्याकडे पतसंस्थांच्या वह्यांत पडून आहे आणि बँकेच्या काउंटरवर त्याची किंमत शून्य होते, याचे मला मनापासून दुःख होते.

उपाय दोन आहेत. ज्यांच्याकडे कर्जाचा इतिहास नाही अशांसाठी सिबिलने २०२२ मध्ये ‘फिट रँक’ आणला. तोही १ ते १० असाच आहे, मात्र तो चालू खात्यातली उलाढाल, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि जीएसटी विवरणपत्रे यांवरून काढला जातो. म्हणून जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर भरणे आणि विक्रीचे पैसे रोखीने न घेता चालू खात्यात घेणे, एवढे तुमच्या हातात आहे. दुसरा उपाय म्हणजे एखाद्या बँकेतून लहानसे कर्ज घेऊन इतिहास सुरू करणे. पतसंस्थेचे खातेउतारे घेऊन अधिकाऱ्याला जरूर दाखवा. संगणक ते वाचणार नाही, पण माणूस वाचू शकतो.

पशुखाद्य_अकोले :

ताई, मनापासून आभार. आमची निम्मी विक्री अजून रोखीने होते. दूध उत्पादकांकडे त्या वेळी जे असेल ते घ्यावे लागते. पण यापुढे ती रोकड लगेच खात्यात भरत जाईन.

स्टुटगार्टकर :

इथे जर्मनीत मी एका मराठी मित्राबरोबर यंत्रभागांच्या आयातीची छोटी कंपनी चालवतो, म्हणून यंत्रमाग_विट्याचा यांच्या प्रश्नाबद्दल लिहावेसे वाटले. इथे क्रेडिटरेफॉर्म नावाची संस्था १८७९ सालापासून आहे. माइन्झ शहरातल्या व्यापाऱ्यांनीच ती स्थापन केली आणि तिचा हेतू बुडव्या गिऱ्हाइकांपासून एकमेकांना सावध करणे हा होता. ती कंपन्यांना १०० ते ६०० असा निर्देशांक देते. १०० म्हणजे उत्तम आणि ६०० म्हणजे देणी थांबलेली. त्यात ताळेबंद असतो, कंपनीचे वय असते आणि पुरवठादारांना पैसे कसे दिले जातात, हेही असते. आम्ही एका ओतकाम कारखान्याचे बिल वादामुळे दोन महिने रोखले होते. पुढच्या तिमाहीत दुसऱ्या एका पुरवठादाराने आमच्याकडे उधारी बंद करून आगाऊ रक्कम मागितली. भारतातला ब्युरो फक्त कर्ज देणाऱ्यांचे ऐकतो, इथला माल देणाऱ्यांचेही ऐकतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

एडिसनची_वहिनी :

अमेरिकेतही तसेच आहे आणि त्याचा इतिहास फार वाचनीय आहे. न्यूयॉर्कचे रेशमाचे व्यापारी लुईस टॅपन यांच्या घरच्या पेढीला १८३७ च्या मंदीत मोठा फटका बसला. त्यानंतर १८४१ मध्ये त्यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ सुरू केली. गावोगावचे वकील आणि व्यापारी त्यांना आपल्या भागातल्या दुकानदारांची माहिती पत्राने कळवत आणि न्यूयॉर्कमध्ये ती मोठ्या चोपड्यांत उतरवली जाई. असे सुमारे अडीच हजार चोपडे आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात जपलेले आहेत. भांडवल किती, सवयी कशा, दारू पितो का, शब्दाला जागतो का, अशा नोंदी त्यांत आहेत. वकिली करणारे तरुण अब्राहम लिंकनही या एजन्सीचे एक वार्ताहर होते. पुढे १९३३ मध्ये तिच्यातून डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली.

त्यांचा पेडेक्स नावाचा गुणांक १ ते १०० असतो आणि तो पूर्णपणे पुरवठादारांच्या अनुभवावर ठरतो. ठरल्या तारखेला पैसे दिले की ८०. शंभर हवे असतील तर मुदतीच्या ३० दिवस आधी द्यावे लागतात. माझ्या दिरांचे इथे मसाल्यांचे गोदाम आहे. ते आपला पेडेक्स फार जपतात, कारण मोठी दुकाने माल घेण्याआधी तो पाहतात.

यंत्रमाग_विट्याचा :

दोघांचेही आभार. मला हेच म्हणायचे होते. ओतकाम साहेब पिग आयर्नवाल्याला आठ दिवसांत पैसे देतात, हे त्यांच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे आणि आपल्या पद्धतीत ते कुठेही नोंदले जात नाही. तशी नोंद सुरू व्हावी.

निवृत्त_शाखाधिकारी :

इथे माझा थोडा मतभेद आहे. नोंद व्हावी, हे मान्य आहे. पण आपल्या बाजारात विक्रेता लहान आणि खरेदीदार मोठा, अशी स्थिती आहे. एखाद्या मोठ्या कंपनीविरुद्ध ‘उशिरा पैसे दिले’ अशी नोंद करण्याचे धैर्य किती यंत्रमागधारक दाखवतील? एमएसएमई कायद्याच्या १५ व्या कलमात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत २००६ पासून आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देण्याची तरतूद १६ व्या कलमात आहे आणि तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने लोक तक्रार करत नाहीत. मी स्वतः अनेकांना आग्रह केला, पण दहांतला एखादाच तयार झाला.

सनदी_लेखापाल_मिरज :

भीती खरी आहे, पण तक्रार न करताही काही मार्ग निघाले आहेत. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ४३बी(एच) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ठरलेल्या मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच तो खर्च वजा मिळतो. ती लागू झाल्यापासून मार्च महिन्यात माझ्या अशिलांकडे येणाऱ्या धनादेशांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्यासाठी बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला ठेवा. यंत्रमागवाले दादा, एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ही तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्याला तिचा लाभ मिळत नाही.

दुसरा मार्ग ‘ट्रेड्स’चा, म्हणजे बिलांवर वेळेआधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा. खरेदीदाराने बिल तिथे मान्य केले की वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर मिळतात. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणे आता बंधनकारक आहे. पैसे तिथून लवकर आले, तर कॅश क्रेडिट खाते महिनाअखेरीस काठोकाठ राहणार नाही, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

ओतकाम_शिरोली :

तीन आठवड्यांनी परत येतो आहे, क्षमस्व. ताईंचे चार प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. फर्मचा अहवाल पैसे भरून स्वतः मागवला आणि भावाबरोबर दोन रात्री बसून ओळीओळीने वाचला. जे सापडले ते सांगतो.

जामीन : आहे. मेव्हण्याच्या पॅटर्न शॉपच्या कर्जाला २०२१ मध्ये आमच्या फर्मने जामीन दिला होता. मी तो पार विसरून गेलो होतो. त्या कर्जाचे दोन हप्ते उशिरा गेले असून ते खाते एसएमए-१ दाखवले आहे. मेव्हण्याने हे आम्हाला सांगितले नव्हते.

महिनाअखेर : मागच्या १२ पैकी ९ महिन्यांत खाते ओव्हर दिसते, तेही दर वेळी ९० हजार ते दीड लाख इतकेच. शाखाधिकारी साहेबांनी दिलेले उदाहरण वाचताना कुणीतरी आमचेच पासबुक उघडून बसले आहे, असे वाटले.

चौकशा : पाच. नवीन शॉट ब्लास्टिंग यंत्रासाठी भावाने एका दलालाला कागद दिले होते आणि त्याने ते एकाच आठवड्यात पाच वित्तसंस्थांकडे पाठवले. कर्ज एकाही ठिकाणी घेतले नाही, पण पाचही नोंदी लागल्या.

फेडलेले कर्ज : कोविडच्या काळातले तातडीचे कर्ज आम्ही २०२४ मध्ये फेडले. ते अजून चालू दिसते आहे. ‘नो ड्यूज’ पत्र मात्र सापडले. कोअर शॉपच्या कपाटात, वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली होते.

वाचून झाल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, हप्ता चुकला नाही एवढेच आपण बघत आलो.” आता सुरुवात कुठून करू?

सनदी_लेखापाल_मिरज :

तुम्ही अहवाल मागवून वाचलात, हे अर्ध्याहून अधिक काम झाले. फेडलेल्या कर्जाची दुरुस्ती आधी करा. ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, ‘नो ड्यूज’ पत्र जोडा आणि तेच पत्र बँकेलाही लेखी द्या. ब्युरो स्वतः नोंद बदलू शकत नाही, बँकेने दुरुस्ती पाठवावी लागते. त्यासाठी बँकेला २१ दिवस आणि एकूण ३० दिवसांची मुदत आहे. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तेवढ्याने भागले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, कारण सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्या योजनेत आल्या आहेत.

जामिनाचे काम कायद्यापेक्षा नात्याने लवकर सुटेल. थकलेले हप्ते आधी भरून घ्या. त्यानंतर मेव्हण्यांनी दुसरे तारण देऊन तुमच्या फर्मला जामिनातून मोकळे करण्याचा अर्ज त्यांच्या बँकेकडे द्यावा. बँक तो मान्य करेलच असे नाही. दलालाला तर यापुढे कोरे सही केलेले कागद अजिबात देऊ नका. चौकशांच्या नोंदी पुसता येत नाहीत, काळ गेला की त्यांचे वजन आपोआप कमी होते.

निवृत्त_शाखाधिकारी :

कॅश क्रेडिटसाठी दोन कामे करा. व्याजापुरते दीड-पावणेदोन लाख २७-२८ तारखेपर्यंत खात्यात मोकळे राहतील, असे खरेदीचे वेळापत्रक बसवा. महिन्याच्या मधल्या, माहिती पाठवण्याच्या तारखांकडेही लक्ष असू द्या. आणि स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालसाठ्याचे विवरण, वेळेवर द्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर (साठ्यावरून ठरणारी उचलीची मर्यादा) ग्राह्य धरली जात नाही. ते खाते अनियमित ठरते आणि ती स्थिती सलग ९० दिवस राहिली, तर हप्ता न चुकताही एनपीए होऊ शकते. नूतनीकरणही असेच लांबवू नका, ठरल्या तारखेपासून १८० दिवसांत लिमिटचे नूतनीकरण झाले नाही, तरी तोच परिणाम होतो. उलाढाल खरोखर वाढली असेल, तर काठोकाठ चालवण्यापेक्षा लिमिट वाढवून मागणे योग्य.

ओतकाम_शिरोली :

आज सकाळी मेव्हण्याला घरी बोलावून अहवालाचे नववे पान दाखवले. तो ओशाळला. त्याच्या एका गिऱ्हाइकाने पाच महिने पैसे अडकवले आहेत आणि मला सांगायला त्याला संकोच वाटला. एक हप्ता त्याने भरला, दुसरा आम्ही उसना दिला. कर्जाची तक्रारही नोंदवली, क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवला आहे आणि ३० वा दिवस लाल पेनाने गोल केला आहे. पाऊण टक्क्याचे कारण लेखी मागणारे पत्र शाखेत देऊन पोच घेतली.

यंत्रमाग_विट्याचा :

तुमचे वाचून मीही काल अहवाल मागवला. माझे कर्ज ज्या बँकेत होते, ती २०२० मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. एकच कर्ज आता दोन बँकांच्या नावाने दोनदा दिसते आहे, त्यामुळे माझे ३८ लाखांचे कर्ज ७६ लाख दिसते. ताई, यासाठी कोणती कागदपत्रे लागतील?

सनदी_लेखापाल_मिरज :

दादा, विलीनीकरणाआधीचा शेवटचा खातेउतारा, नवीन खाते क्रमांक कळवणारे बँकेचे पत्र आणि पहिल्या खात्यावरची बाकी शून्य झाल्याचे दाखवणारे पान, एवढे काढून ठेवा. पत्र सापडत नसेल, तर नवीन बँकेच्या शाखेतून जुन्या आणि नव्या खाते क्रमांकांचा मेळ दाखवणारा दाखला घ्या. तक्रार नोंदवताना ‘रक्कम चुकीची’ असे लिहू नका, ‘एकाच कर्जाची दुबार नोंद’ असे लिहा, म्हणजे ती योग्य विभागाकडे जाईल. अडले तर इथेच विचारा.